नगावर मजुरी, अंगावर दुखणं

एकाच वयाची दोन पोरं घ्या. दोघंही अनगोळची, दोघांकडे सारखीच मोटारसायकल, दोघंही दिवसभर बेळगावच्या खड्ड्यांतून पार्सलं पोचवतात. एकाला कुरिअरवाल्याकडून महिन्याला ठरलेला पगार मिळतो. दुसऱ्याला ॲपवर ऑर्डरमागे पैसे मिळतात. पाच वर्षांनी दोघांची पाठ, झोप, रक्तदाब आणि घरातला स्वभाव सारखाच राहील का?

बहुतेक नाही. ऊन तेच, पाऊस तोच, धूर तोच, तरीही नाही. कामाचा त्रास म्हटला की काम किती जड आहे एवढंच आपण बघतो. ओझं किती, तास किती, धूळ किती. पैसे कोणत्या रीतीनं हातात पडतात, याचाही शरीरावर परिणाम होतो, तिकडे मात्र लक्ष जात नाही. दवाखान्यातले डॉक्टर 'काय काम करता?' विचारतात. 'पैसे कसे मिळतात?' हे कुणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर नाही. खरं तर तो प्रश्न केसपेपरवर पहिल्या पाचांत हवा.

ॲपवरच्या अशा कामाला आता सगळीकडे गिग काम म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं त्याची व्याख्या केली आहे. मालक आणि नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर राहून कमावतो तो गिग कामगार. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे सुमारे ७७ लाख लोक होते, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असा अंदाज आहे. जेवणाची पार्सलं नेणारे, ॲपवर रिक्षा चालवणारे, घरी येऊन एसी दुरुस्त करणारे, घरी येऊन फेशियल करणाऱ्या, सगळे त्यात आले. बेळगावात डोळ्यांत भरतात ते पार्सलवाले. टिळकवाडीत, कॉलेज रोडला, खडेबाजारात रात्री आठनंतर हॉटेलांसमोर गाड्या लावून फोनकडे बघत उभी असलेली पोरं.

हे आपल्याला नवीन नाही

नगावर मजुरी म्हणजे काय, हे सीमाभागाला शिकवायला नको. निपाणीची विडीवाली बाई हजार विड्यांमागे मजुरी घेते. वडगाव-शहापूर-खासबागेतला मागावरचा विणकर साडीमागे घेतो. वीटभट्टीवर हजार विटांचा दर असतो, ऊसतोडीला टनाचा. महिन्याचा पगार ही आपल्याकडे सरकारी नोकराची, शिक्षकाची आणि थोड्याफार कारखान्यांतल्या कायम कामगारांची चैन. बाकीच्यांचा हिशोब कायम नगावरच.

विडीचं काम जवळून पाहिलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं. मांडीवर सूप. त्यात तंबाखू, भिजवून कापलेली तेंदूची पानं, दोऱ्याचं रीळ आणि कात्री. बाई पान घेते, चिमूटभर तंबाखू भरते, वळते, तोंड दुमडते, दोरा गुंडाळते. मान खाली ती खालीच. हजाराचा आकडा एकट्या बाईच्या हातून उरकत नाही, म्हणून शाळेतून आलेली मुलगी पानं कापायला बसते, सासू दोरा बांधते. मजुरी मात्र एकीचीच. संध्याकाळी माल ठेकेदाराकडे न्यायचा. तो त्यातल्या काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढणार. त्यांचे पैसे नाहीत, आणि छाटलेला माल परतही मिळेलच असं नाही. दिलेल्या पानांत फुटकी-किडकी निघाली तर आकडा पुरा करायला पदरचे पैसे घालून पानं घ्यायची.

आता यातली पानं काढून पेट्रोल ठेवा. छाटीच्या जागी गिऱ्हाइकानं ॲपवर रेटिंग म्हणून दिलेले तारे ठेवा. ठेकेदाराच्या जागी ॲप. व्यवस्था तीच राहते. मालाचा धोका, वाया गेलेला वेळ आणि साधनाचा खर्च, तिन्ही गोष्टी काम करणाऱ्याच्या गळ्यात. फरक एवढाच की ठेकेदाराच्या दारात उभं राहून चार शब्द सुनावता तरी येत होते.

विश्रांतीला पैसे पडतात

पगारी माणूस दहा मिनिटं चहाला गेला तर मालकाची दहा मिनिटं जातात. नगावरचा माणूस गेला तर त्याची स्वतःची जातात. सगळा प्रकार इथूनच सुरू होतो. पाणी पिणं, लघवीला जाणं, जेवणं, सावलीत बसणं, या सगळ्यांवर अदृश्य किमतीची चिठ्ठी लागते. कुणी मनाई करत नाही, पण माणूस स्वतःच स्वतःला मनाई करतो. आणि स्वतःला केलेली मनाई मोडता येत नाही, तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

ॲडम स्मिथ हा काही कामगार पुढारी नव्हता. त्यानं १७७६ मध्येच लिहून ठेवलं आहे की नगावर चांगले पैसे मिळणारे कारागीर स्वतःला इतकं राबवतात की थोड्या वर्षांत तब्येतीची वाट लावून घेतात. म्हणजे लोभी मालकाची गरज नाही. पैसे देण्याची रीत एकटीच हे काम करते.

याचा मोजून मिळालेला पुरावा कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांवरच्या अभ्यासात आहे. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यात दिवसाचं काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर मजुरांचं रक्त तपासलं. एकाच दिवसाच्या कामात काहींच्या मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झालेली दिसली. तासावर पैसे घेणाऱ्यांच्या तुलनेत नगावर पैसे घेणाऱ्यांत तिची शक्यता सुमारे चौपट होती. काम शेतातलंच, सूर्य तोच. एकदा झालेली इजा भरून येते. हंगामभर रोज थोडी थोडी होत राहिली तर काय, याचं उत्तर मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड्यांनी दिलं आहे. तिथं मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा तरुण माणसांची मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि संशोधकांचा मुख्य संशय गेला तो उन्हातल्या अतिश्रमावर आणि पाणी कमी पडण्यावर.

ऊसतोड म्हटल्यावर आपल्याकडचा विषय टाळून चालणार नाही. चिकोडी, अथणी, रायबाग पट्ट्यातल्या कारखान्यांवर हंगामात बाहेरून टोळ्या येतात, त्यांत बीडकडचेही मजूर असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशोबात दोघांची एकच जोडी. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते. कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. पोटाच्या तक्रारी घेऊन बाई डॉक्टरकडे गेली की 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असा सल्ला मिळत गेला. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं तेव्हा महाराष्ट्र सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यात डॉक्टरांचा हात आहे, गरिबी आहे, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणंही आहेत. पण उचल आणि खाडा या दोन शब्दांशिवाय तो आकडा समजत नाही. पैशाच्या एका करारानं बाईच्या पोटातला अवयव परवडेनासा केला, इतकं उघड उदाहरण दुसरं क्वचितच असेल.

शहरातल्या पार्सलवाल्याची गोष्ट एवढी भीषण नाही, आणि उगाच तशी रंगवूही नये. पण दुखण्याची जात तीच. लघवी लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं, हा सगळ्यांचा ठरलेला उपाय. हॉटेलात पार्सल घ्यायला मागच्या दारानं जायचं, तिथलं संडास वापरायला द्यायची मालकाची खुशी. घरोघर जाऊन पार्लरचं काम करणाऱ्या बायकांचे हाल आणखी. गिऱ्हाइकाच्या घरी 'बाथरूम कुठं आहे' विचारायचा संकोच, आणि दोन घरांच्या मध्ये सोय शून्य. मग लघवीची जळजळ, मुतखडा, वरचेवर होणारा संसर्ग. पावसाळ्यात आणखी एक भर पडते. जूनपासून बेळगावचा पाऊस कसा लागून राहतो ते इथल्यांना माहीत आहे. रेनकोट बाहेरून पावसानं आणि आतून घामानं भिजतो, बूट दिवसभर ओले, पायाच्या बोटांत चिखल्या. दुखणं छोटंच. पण दोन दिवस पाय कोरडे ठेवले की बरं होणारं हे दुखणं महिनाभर रेंगाळतं, कारण ते दोन दिवस कोण देणार?

बाविसावी ऑर्डर

आता ॲपच्या हिशोबात जरा खोल जाऊ. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. दर शहरागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात.

समजा एका ऑर्डरचे ३० रुपये. दिवसात २२ ऑर्डरी पुऱ्या केल्या तर वर २०० रुपये इन्सेंटिव्ह. बारा तास लॉगिन राहून पोरानं २२ पुऱ्या केल्या. ६६० अधिक २००, झाले ८६०. ऐकायला बरं वाटतं. आता खर्च काढा. शंभर-एकशे दहा किलोमीटर फिरला, पेट्रोल अडीचशेचं. गाडीचा हप्ता दिवसाला शंभर. सर्व्हिसिंग, टायर, ऑइल मिळून पन्नास. नेटपॅक दहा. असे ४१० गेले. उरले ४५०, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये.

आणि बाविसावी मिळालीच नाही तर? ६३० मधून तेच ४१० वजा. हातात २२०. म्हणजे शेवटच्या एका ऑर्डरवर दिवसाची निम्मी कमाई टांगलेली आहे. पहिली ऑर्डर ३० रुपयांची होती, बाविसावी २३० ची झाली.

ही बाविसावी ऑर्डर कधी येते? रात्री साडेदहाला. पाठ मोडलेली, डोळे चुरचुरणारे, पोटात दुपारचा वडापाव. तिसऱ्या गेटकडून उद्यमबागेकडे जाताना समोरून ट्रकचे झोत. शरीर सगळ्यांत थकलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच काम सगळ्यांत महाग झालेलं असतं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. 'ही पोरं गाडी कशी मारतात बघा' असं आपण सिग्नलला उभं राहून म्हणतो. मी आता ते म्हणायचं सोडलं आहे. ती गाडी निम्मी तरी इन्सेंटिव्हचा तक्ता चालवत असतो.

बारा तासांबद्दलही एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. रोज बारा तास, सहा दिवस म्हणजे ७२ तास. त्यातले थांबण्यात गेलेले तास ॲप मोजत नाही. हॉटेलबाहेर पार्सलची वाट बघत उभं राहिलं की धंदा शून्य आणि दिवस संपत चाललेला. शरीराच्या हिशोबात मात्र तो वेळ कामाचाच असतो.

उद्या किती मिळणार?

थकवा झोपेनं जातो. पण झोपच लागत नसेल तर? कमी पैशापेक्षा बेभरवशाचा पैसा जास्त छळतो, हे पगारावर जगणाऱ्याला पटवून देणं अवघड. एका रायडरनं, म्हणजे ॲपवर पार्सलं नेणाऱ्या पोरानं, साध्या शब्दांत सांगितलं होतं, "कमी पडू देत ओ, पण किती पडणार ते तरी आधी कळूदे की. परवा नऊशे, काल चारशे. बायकोला काय सांगू?"

या अनिश्चिततेचं शरीरात जे होतं ते असं. धोका दिसला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. नाडी वाढते, रक्तात साखर येते, माणूस सावध होतो. धोका टळला की सगळं खाली बसतं. वाघ दिसला, पळालो, वाचलो, एवढ्यासाठी ही यंत्रणा झकास. पण धोका म्हणजे 'आज टार्गेट होईल का' असेल तर तो टळत नाही, उद्या सकाळी पुन्हा हजर. मग रक्तदाब चढलेलाच राहतो, पोटात आम्लपित्त, झोप तुटक, चिडचिड. ब्रिटनमध्ये ॲबरडीन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग केला. काही जणांना सोडवलेल्या प्रत्येक गणितामागे पैसे, काही जणांना ठरावीक रक्कम. लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं तेव्हा नगावर पैसे मिळणाऱ्यांत ते जास्त निघालं. काही मिनिटांच्या गणितांत ही स्थिती.

अनिश्चितता डोक्यातही जागा खाते. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची तीच बौद्धिक चाचणी ऊस जाण्याआधी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि बिल हातात पडल्यावर घेतली. पैसे आल्यावर त्यांची उत्तरं चांगली आली. माणसं तीच, अक्कल तीच. डोक्याचा एक मोठा कोपरा हप्ता, किराणा आणि उधारीनं अडवलेला होता, तो मोकळा झाला. ऊसबिलाची वाट बघणारं घर बेळगाव जिल्ह्यात शोधावं लागत नाही, त्यामुळे याहून जास्त सांगायला नको. पार्सलवाल्याच्या डोक्यातला तो कोपरा रोजच अडलेला, आणि उरलेल्या डोक्यानं त्यानं ट्रकला ओव्हरटेक करायचं.

मर्जीचा मालक

दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर चित्र खोटं होईल. अनेक पोरांना हे काम आवडतं. उद्यमबागेत फाउंड्रीच्या भट्टीपुढे उभं राहण्यापेक्षा, ठेकेदाराच्या शिव्या खाण्यापेक्षा, मोकळ्या हवेत गाडीवर बरं. पैसे आठवड्याला खात्यावर. शिकणारा पोरगा संध्याकाळी चार तास करून फी काढतो. घरी म्हातारी आजारी असेल तर लॉगिनच करायचं नाही, साहेबाच्या पाया पडायला नको. हा मोकळेपणा खरा आहे. जो चार तास करतो आणि ज्याचं घर दुसऱ्या पगारावर चालतं, त्याला या कामानं फारसं काही होत नाही. दुखणं सुरू होतं ते चूल याच कामावर पेटायला लागली की.

कारण तेव्हा मोकळेपणा उरतो नावाला. १९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकानं मांडलेली गोष्ट आजही कामगार-आरोग्याचा पाया मानली जाते. नुसत्या जास्त कामानं माणूस आजारी पडत नाही. काम जास्त आणि ते कसं करायचं यावर हुकमत कमी, हे दोन एकत्र आले की पडतो. डॉक्टरलाही काम भरपूर असतं, पण कुठला पेशंट आधी घ्यायचा ते तो ठरवतो. रायडर काय ठरवतो? ऑर्डर कुणाला जाते ते ॲप ठरवतं. दर ॲप बदलतं. गिऱ्हाइकानं तीनमजली जिने चढवून वर एक तारा दिला तर का दिला ते कळत नाही. आयडी, म्हणजे ॲपवरचं खातं, बंद झाली तर फोनवर एक तयार मेसेज येतो आणि खाली 'मदत' असं लिहिलेलं बटण, जे दाबलं की दुसरा तयार मेसेज येतो. भांडायला माणूस नाही. राग मग घरी जातो, पोरांवर निघतो, किंवा बाटलीत उतरतो. यालाही आजारपणच म्हणायचं, फक्त त्याचा रिपोर्ट लॅबमधून येत नाही.

जाता जाता, सरकारही यात मागे नाही. खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवर पायी फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांना कायम नोकर मानत नाहीत. त्या स्वयंसेविका. मोबदला मोठ्या प्रमाणात कामागणिक. दुसऱ्यांची बाळंतपणं दवाखान्यात नेणाऱ्या बाईला स्वतःच्या आजारपणात कायम नोकरासारखी पगारी रजा नाही.

आजारी पडला तर कोण बघणार

कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. त्या बदल्यात घरादाराला उपचार, आणि आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. या शेवटच्या सोयीचं मोल लोकांना कळत नाही. औषधापेक्षाही ती मोठी आहे, कारण ती माणसाला घरी झोपू देते. गिग कामगाराला डेंग्यू झाला तर औषध मिळेलही, पण झोपायचे पैसे कुणी देत नाही. ताप उतरायच्या आधी तो गाडीवर. दुखणं अंगावर काढायची आपली जुनी सवय आहे म्हणतात. सवय कसली, सोय नाही म्हणून.

कायदा आता हळूहळू हलतो आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत टाकायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. कर्नाटकानं त्याआधी २०२५ मध्येच स्वतंत्र कायदा केला. त्यात प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क कंपनीकडून घ्यायची तरतूद आहे, कामगारांसाठी मंडळ आहे, कामावरून काढायचं तर कारण देऊन १४ दिवसांची नोटीस आहे, आणि ॲप कोणत्या निकषांवर काम वाटतं, तारे कसे मोजतं हे सांगायचं बंधनही आहे. वर म्हटलेल्या हुकमतीच्या प्रश्नाला हात घालणारं हे शेवटचं कलम मला निधीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. देशात असा पहिला कायदा राजस्थानचा, २०२३ चा.

निपाणीकरांना यातलं शुल्क ओळखीचं वाटेल. १९७६ च्या कायद्यानं विड्यांवर उपकर बसवून विडी कामगारांचा कल्याण निधी उभा केला होता. दवाखाने, मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत त्यातून चाले. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. निधी एका ओळीच्या दुरुस्तीनं आटतो, हे निपाणीच्या बायकांनी पाहिलेलं आहे.

आणि यातल्या कुठल्याही कायद्यानं बाविसाव्या ऑर्डरला हात लावलेला नाही. विमा अपघातानंतर येतो, इन्सेंटिव्हचा तक्ता अपघाताच्या आधी असतो. न्यूयॉर्क शहरानं २०२३ च्या अखेरीस थेट पैसे देण्याच्या रीतीलाच हात घातला. पार्सलवाल्यांना तासाला किमान १७.९६ डॉलर, आणि त्यात वाट बघण्याचा वेळही धरायचा. कंपन्यांनी लगेच एका वेळी किती जण लॉगिन होतील यावर बांध घातले, म्हणजे काहींना कामच मिळेना. सोपं उत्तर नाहीच. पण थांबण्याचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न तरी तिथं टेबलावर आला.

दोन राज्यांचा एक रायडर

सीमाभागात या सगळ्याला आणखी एक गाठ आहे. चंदगड तालुक्यातलं गाव, आधार आणि रेशनकार्ड महाराष्ट्राचं, काम शिनोळी ओलांडून बेळगावात. उपचाराची योजना एका राज्याची, कामगार कायदा दुसऱ्याचा. महाराष्ट्रानं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा कर्नाटकानं हरकत घेतली होती. त्यात ॲपचा करार इंग्रजीत, कर्नाटक सरकारचं अर्ज भरायचं सेवा सिंधू पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत, आणि घरी बोलणं मराठीत. अर्ज भरायला पोरगं झेरॉक्सवाल्याकडे जातं आणि तो भरेल ते खरं.

तरी हाताशी आहे ते घ्यावं. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठीच्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवायला राज्याची अडचण नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात गिग कामगारांना या नोंदणीवरून आयुष्मान भारतच्या ५ लाखांच्या उपचार कवचात घेण्याची घोषणा झाली. कर्नाटक सरकारची गिग कामगारांसाठी विमा योजना आहे. अपघाती मृत्यूला ४ लाख, इतर मृत्यूला २ लाख, अपघातानंतर दवाखान्याला १ लाखापर्यंत. फॉर्मवर वारसाचं नाव आणि बँक खातं जुळतं का ते स्वतः बघावं. गाडीच्या विम्याचा कागदही एकदा उघडावा. घरच्या वापराची पॉलिसी असेल आणि गाडी धंद्याला फिरत असेल तर क्लेम अडू शकतो.

अपघात झालाच तर दवाखान्यात 'घसरून पडलो' एवढंच सांगून मोकळं होऊ नये. बरेच जण पोलिसांचं झंझट नको म्हणून तसं सांगतात. रस्त्यावरचा अपघात असं नोंदवून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्यातली नोंद, करून घ्यावी, नाहीतर पुढं विम्याला दाखवायला काही उरत नाही. ऑर्डर चालू असल्याचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं एका पिशवीत. कंपनीच्या विम्याला ॲपमधून लगेच कळवायचं, मुदत उलटली की नकार द्यायला तेवढंच कारण पुरतं. आयडी बंद झाली तर जुन्या ऑर्डरी आणि कमाईचे तक्ते पुन्हा दिसतीलच असं नाही. म्हणून ते महिन्याच्या महिन्याला घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवायचे.